अप्पा दुकानासमोर का थांबतात

अप्पांच्या पायातल्या रक्तवाहिन्या कडक झाल्या आहेत असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा अप्पांनी एकच प्रश्न विचारला.

"किती?"

दुसऱ्या कुणीही 'का?' विचारलं असतं, 'आता काय करायचं?' विचारलं असतं. पण माझे वडील चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारातला प्रत्येक तराजू, प्रत्येक लिटर आणि प्रत्येक मीटर त्यांच्या शिक्क्याशिवाय बेकायदेशीर होता. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, तरी जिला आकडा नाही ती गोष्ट आहे असं ते अजून मानत नाहीत. माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी चांगली आहे असं मी म्हणालो होतो, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं.

डॉक्टरीणबाई मात्र तयारीच्या होत्या. त्यांनी अप्पांच्या दंडाचा रक्तदाब घेतला, मग घोट्याचा घेतला, एकाला दुसऱ्याने भागलं आणि म्हणाल्या, "पॉइंट सहा. एकच्या आसपास हवं."

अप्पांचा चेहरा उजळला. आजार मोजता येतो म्हटल्यावर तो त्यांना ओळखीचा वाटायला लागला. मग त्यांनी ते यंत्र हातात घेऊन उलटं केलं, तळ पाहिला आणि विचारलं, "हे शेवटचं कधी तपासून घेतलं होतंत?"

बाईंनी यंत्र त्यांच्या हातातून परत घेतलं. मी भिंतीवरचं हृदयाचं चित्र बारकाईने बघायला लागलो.

"हे बघा," बाई जरा कोरड्या आवाजात म्हणाल्या, "गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि चालायचं. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, दुखली की थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. रोज अर्धा तास. तीन महिन्यांनी परत बघू. चालण्यानं अंतर वाढलं तर छानच. नाही वाढलं तर रक्तवाहिनीत फुगा घालून ती उघडावी लागेल. आणि तेही नाही जमलं तर..." त्यांनी अप्पांच्या उजव्या पायाकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हीही रक्त तपासून घ्या. हे घराण्यात असतं."

मी 'हो हो' म्हणालो. दाताच्या डॉक्टरांनाही मी असंच 'हो हो' म्हणतो. शिवाय मेडिकल सर्टिफिकेट या वस्तूबद्दल मला फारसा आदर नाही. मी विमा कंपनीत आहे आणि लोकांनी पाठवलेली सर्टिफिकेटं का चालणार नाहीत हे त्यांना नम्र भाषेत कळवणं, हे माझं काम आहे.

घरी येताना रिक्षात अप्पा म्हणाले, "एक अट आहे. हे कुणाला सांगायचं नाही."

"कुणाला म्हणजे?"

"कुणालाच. ज्या माणसाच्या नुसत्या येण्याने सगळा बाजार सरळ बसायचा, तो आता दोनशे पावलांवर लंगडतो, हे बाजाराने ऐकायचं नाही. मी चालेन. पण लंगडा म्हणून नाही चालणार."

मी शब्द दिला. पुढचं सगळं रामायण या शब्दाचं आहे. तेव्हा मला तो फार साधा वाटला होता.

दुसऱ्या दिवसापासून चालणं सुरू झालं. घर ते पोस्ट, पोस्टाच्या लाल पेटीला हात लावायचा आणि परत. मी ऑफिसची वेळ तासभर पुढे सरकवून घेतली आणि त्यांच्या तीन पावलं मागून चालू लागलो. शेजारून चाललो असतो तर ती सोबत दिसली असती, आणि सोबत लागते ती आजाऱ्याला, असं त्यांचं म्हणणं.

अप्पा पावलं मोजत होते. एकशे चौऱ्याऐंशीव्या पावलाला पोटरीत कळ आली आणि ते थांबले. आता रस्त्यात मधेच थांबलेला माणूस एकतर कुणाची वाट बघत असतो, नाहीतर आजारी असतो. अप्पांना दोन्ही मान्य नव्हतं. म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि समोर जे होतं त्याकडे बघायला सुरुवात केली. समोर किराणा दुकान होतं आणि दुकानात तराजू होता.

अप्पा तराजूकडे बघत होते तीन मिनिटं. दुखताना त्यांच्या भुवया जवळ येतात आणि ओठ घट्ट मिटतात. नोकरीत असतानाही त्यांचा चेहरा नेमका असाच असायचा.

किराणावाल्याने त्यांना सतरा वर्षांनी असं तराजूसमोर उभं पाहिलं. त्याने तराजूवर टेकलेला कोपर उचलला. मग फडक्याने तराजू पुसला. मग समोरच्या बाईंच्या पिशवीत गेलेली साखर परत मागून घेतली, पुन्हा मोजली आणि वर मूठभर आणखी घातली. बाई आश्चर्याने त्याच्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात अप्पांची कळ ओसरली आणि ते पुढे निघाले.

दुसरा थांबा सोनाराच्या काचेसमोर आला. सोनाराने वर पाहिलं आणि उठून छताचा पंखा बंद केला. पंख्याच्या वाऱ्याने नाजूक काटा हलतो, हे अप्पांना ठाऊक होतं, सोनारालाही ठाऊक होतं, आणि पंखा बंद झाल्यावर आत बसलेल्या गिऱ्हाइकालाही कळलं. तिसरा थांबा लेडीज टेलरच्या दारात. त्या बाईंनी गळ्यातली टेप काढली आणि खणात टाकली. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, अर्ध्या इंचाचा फरक पडतो, हे अप्पांनी मला त्याच दिवशी घरी आल्यावर समजावून सांगितलं. कुणी कुणाला एक शब्दही बोललं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी भर सकाळी पाहिलं.

पंधरा दिवसांत 'साहेब पुन्हा सुरू झालेत' ही बातमी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली. आमच्या घरी ती डाळीच्या डब्यातून आली. बायकोने नेहमीसारखी अर्धा किलो डाळ आणली, नेहमीच्या डब्यात ओतली आणि ती वरून सांडली.

"डबा आटला का हो?" तिने विचारलं.

डबा आटला नव्हता. गेली कित्येक वर्षं आम्ही ज्याला अर्धा किलो समजत होतो ते अर्धा किलो नव्हतं, एवढंच. त्या दिवसापासून आमच्या इमारतीतल्या बायका अप्पांच्या चालण्याच्या वेळेला खरेदीला निघायला लागल्या. शेजारच्या काकू तर गॅलरीतून रोज हाक मारायच्या, "अप्पा निघाले का गं? मग मी पिशवी घेते." अप्पा किराण्यासमोर उभे, आणि दुकानात सात-आठ बायकांची रांग. त्यांची पोटरी दुखायची, पण चेहऱ्यावर एक वेगळंच तेज यायला लागलं होतं. ते मला आवडत होतं हे मी कबूल करतो.

इथे मी शहाण्यासारखं गप्प बसायला हवं होतं. पण मला अप्पांची दया आली. तीन तीन मिनिटं ते दुखऱ्या पायावर उभे राहायचे. मी दुकानातून एक घडीचं स्टूल आणलं. ॲल्युमिनियमचं, हलकं, बगलेत मावणारं. दुसऱ्या दिवशी ते एकशे चौऱ्याऐंशीव्या पावलाला थांबले आणि मी मागून पुढे होऊन, खटकन स्टूल उघडून, किराणा दुकानासमोर मांडलं.

अप्पांनी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बसलेला निरीक्षक कधी पाहिलायस?" ते हळू आवाजात म्हणाले, आणि बसले नाहीत. मी ते स्टूल मिटायला गेलो तर त्याचा चाप अडकला. शेवटी अप्पा पुढे चालायला लागले आणि मी उघडं स्टूल डोक्यावर घेऊन त्यांच्या मागे. सोनारासमोरही ते उघडंच होतं, टेलरसमोरही.

हात दाखवून अवलक्षण याला म्हणतात. नुसते उभे राहणारे साहेब बाजाराने कसेबसे पचवले होते. स्टूल आलं म्हणजे आता मुक्काम, असा व्यापाऱ्यांनी अर्थ लावला. आठवड्याभरात वजनमापे खात्याचं पत्र आलं. 'आपण सेवानिवृत्त असूनही बाजारात अनधिकृत तपासणी करीत असल्याची तक्रार व्यापारी संघटनेकडून प्राप्त झाली आहे. आपल्यासोबत एक अज्ञात सहायक स्टूल घेऊन फिरत असल्याचेही तक्रारीत नमूद आहे. खुलासा करावा.'

सत्तेचाळीस वर्षांचा, विमा कंपनीतला वरिष्ठ अधिकारी, दोन बढत्या मिळालेला माणूस मी. अज्ञात सहायक! बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "अज्ञात कसले? सगळा बाजार ओळखतो तुम्हाला, स्टूलवाले म्हणून."

खुलासा करायला मी स्वतः त्या कार्यालयात गेलो. हे तेच कार्यालय, जिथे अप्पांनी चौतीस वर्षं काढली. खिडकीमागचा कारकून अप्पा निवृत्त झाल्यावर नोकरीला लागलेला होता. त्याने तक्रार वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"तपासणी करतात का?"

"नाही."

"मग काय करतात?"

"उभे राहतात."

"कशासाठी?"

इथे माझा शब्द आडवा आला. "उभं राहण्यासाठी," मी म्हणालो.

त्याने एक जाड पुस्तक काढलं आणि बराच वेळ चाळलं. "उभं राहण्याचं कलम नाही आमच्याकडे," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "तपासणीचं आहे. तपासणीत टाकू का?"

"अहो, तपासणी करतच नाहीत ते!"

"मग कारण लिहून द्या. कारण असलं की फाइल बंद. कारण नसलं की चौकशी. विनाकारण कुणी तराजूसमोर तीन मिनिटं उभं राहत नाही, साहेब. मी इथे नोकरीला आहे, मीही राहत नाही."

मुद्दा बिनतोड होता. मी स्वतः लोकांना रोज असंच लिहितो. चौकशीची तारीख पडली. गुरुवारी अकरा वाजता, व्यापारी संघटनेच्या खोलीत, तक्रारदारांच्या समक्ष. खोली किराणा दुकानाच्या वर होती. बावीस पायऱ्या.

पत्र आलं त्या दिवशीच अप्पांनी चालणं बंद केलं. "चौकशी चालू असताना बाजारात फिरणं योग्य नाही," ते म्हणाले. नियम त्यांनीच स्वतःला लावला, आणि त्यांनी लावलेला नियम मोडायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. घरातल्या घरात चाला म्हटलं तर जेवणाच्या टेबलाभोवती चाळीस फेऱ्या मारून त्यांना गरगरायला लागलं. एक दिवस गेला, चार गेले, नऊ गेले.

नवव्या दिवशी सकाळी मी दाढी करून बाहेर आलो तर अप्पा खुर्चीची पाठ धरून उभे होते आणि भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचत होते. पान मागच्या महिन्याचं होतं. ते खोलीतून स्वयंपाकघरात निघाले होते आणि वाटेत थांबले होते. एवढ्या अंतरात! आणि घरातल्या घरात, माझ्यासमोरसुद्धा, त्यांना काहीतरी बघत असल्याचं दाखवायला लागत होतं. तीन महिन्यांतले नऊ दिवस गेले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी अर्धवट सोडलेलं ते वाक्य मला पुरतं ऐकू यायला लागलं.

"अप्पा, सांगून टाका ना त्यांना," मी म्हणालो. "आजार आहे. गुन्हा थोडाच आहे?"

"मी तपासणी केली नाही, एवढं मी सांगेन."

"ते विचारणार, मग का थांबता?"

"ते मी सांगणार नाही."

"मग दुसरं काहीतरी सांगा. वाऱ्याला थांबतो म्हणा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दहावीचं प्रगतिपुस्तक लपवताना पुन्हा सापडलो असं मला वाटलं. "चौतीस वर्षांत एका ग्रॅमची खोटी नोंद केलेली नाही," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही, अशा माणसाने चौकशीत करायचं तरी काय? पाय गेला तरी चालेल पण माप चुकायला नको, हा कुठला हिशोब? हे मी त्यांना बोललो नाही. बाथरूममध्ये जाऊन टॉवेलला बोललो.

गुरुवारी आम्ही अकराला नाही, साडेदहालाच पोचलो. बावीस पायऱ्या चढताना कुणी पाहू नये म्हणून. दर सात पायऱ्यांवर अप्पा थांबायचे आणि भिंतीवरची संघटनेच्या माजी अध्यक्षांची तसबीर बघायचे. सुदैवाने माजी अध्यक्ष पुष्कळ होते.

अकराला सगळे जमले. चौकशी अधिकारी म्हणून एक तरुण बाई आल्या होत्या. किराणावाला, सोनार आणि टेलरबाई समोरच्या बाकावर. किराणावाल्याने उठून अप्पांना खुर्ची दिली आणि मग आपण तक्रारदार आहोत हे आठवून तो घाईने खाली बसला. अप्पा बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"साहेब, तुम्ही तपासणी करता का?" अधिकारीबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात आदर होता.

"नाही. मला अधिकार नाही."

"मग दुकानांसमोर का थांबता?"

अप्पांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं. माझ्या वडिलांना शब्द सापडत नाहीत असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. कळ आली होती. बावीस पायऱ्या आणि वर अर्धा तास उभं राहण्याची कळ, आणि आता काहीतरी बघत असल्याचं दाखवायला समोर एकही वस्तू नव्हती. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"माझ्यासाठी थांबतात," मी म्हणालो.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण एकदा लावल्यावर मागे घेता येईना.

"मला आजार आहे. रक्तवाहिन्या कडक होण्याचा. थोडं चाललं की माझी पोटरी दुखते आणि मला थांबावं लागतं. मी लाजतो. म्हणून अप्पा पुढे थांबतात, म्हणजे मी थांबलोय हे कुणाच्या लक्षात येत नाही."

"आणि स्टूल?"

"माझं."

सगळ्यांच्या नजरा माझ्या पोटाकडे गेल्या, आणि पोटाने निमूटपणे माझ्या बाजूने साक्ष दिली. टेलरबाई 'अगंबाई' म्हणाल्या. सोनाराने आपण होऊन मला पाणी दिलं.

"साहेब, हे खरं आहे का?" अधिकारीबाईंनी अप्पांना विचारलं.

अप्पा माझ्याकडे बघत होते. मग घसा साफ करून म्हणाले, "तो जे सांगतोय ते लिहून घ्या."

यात खोटं काहीच नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. बाईंनी लिहून घेतलं आणि मला म्हणाल्या, "तुमचं मेडिकल सर्टिफिकेट आणून द्या. मग फाइल बंद करू."

अप्पांचं चालणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं आणि माझं जगणं अवघड झालं. वरच्या मजल्यावरचा प्लंबर जिन्यात भेटला आणि म्हणाला, "पाइपात क्षार साचतात तसंच आहे हे. आम्ही ॲसिड सोडतो. तुम्हाला व्हिनेगर चालेल." शेजारच्या काकूंनी सोललेल्या लसणाची बरणी पाठवली, आणि संपली की विचारायला यायच्या. किराणावाला मला लोणी द्यायचा बंद झाला. मी मागितलं की तो माझ्या खांद्यावर हात ठेवून ओट्सचं पाकीट द्यायचा. टेलरबाईंनी माझ्या पँटी दोन इंच सैल करून द्यायची तयारी दाखवली, तीही भर रस्त्यात, नवी टेप उघडून. ऑफिसात माझं टेबल तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर पाण्याच्या फिल्टरशेजारी आलं, कारण आमच्या ऑफिसातल्या साहेबांना कुठूनसं कळलं होतं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली.

पण सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. लोक अप्पांना थांबवून म्हणायचे, "या वयात तरण्या मुलाला रोज फिरवून आणता, कमाल आहे तुमची."

आणि अप्पा म्हणायचे, "करावं लागतं."

राहिलं सर्टिफिकेट. डॉक्टरीणबाईंनी माझी सगळी कहाणी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "खोटं सर्टिफिकेट मी देत नाही."

"तसलं कुणी आणलं असतं तर मी ते नाकारलंच असतं," मी म्हणालो. धंद्याचा अभिमान कुठे जातो?

"पण तपासते. जे असेल ते लिहीन. नाहीतरी तुम्ही यायलाच हवं होतंत."

रक्त घेतलं. गळ्याची सोनोग्राफी केली. दोन दिवसांनी बाईंनी कागद पुढे सरकवला. कोलेस्टेरॉल भरपूर वर, आणि गळ्यातल्या रक्तवाहिनीची भिंत जाड व्हायला लागलेली. "सुरुवात आहे," त्या म्हणाल्या. "वेळेवर सापडलं. गोळी आजपासून. आणि चालायचं, वडिलांबरोबर."

तो कागद मी सवयीने तीनदा तपासला. तारीख बरोबर, सही बरोबर, शिक्का बरोबर. नोकरीत पहिल्यांदाच एक सर्टिफिकेट असं हातात आलं की ज्याच्यात मला काही खोट काढता येईना.

घरी अप्पांनी तो चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं.

"म्हणजे नोंद अगदीच खोटी नव्हती," ते म्हणाले. "फक्त जरा आगाऊ होती."

"अप्पा, माझ्या रक्तवाहिन्या कडक व्हायला लागल्यात!"

"हो, ते वाचलं मी. वाईट झालं," ते म्हणाले. आणि त्या दिवशी कित्येक दिवसांनी त्यांना नीट झोप लागली, हे त्यांनीच मला सकाळी सांगितलं. मला लागली नव्हती.

फाइल बंद झाली. तीन महिने पुरे झाले. घोट्याचा आकडा पॉइंट सहाच्या जरासाच वर सरकला होता. अप्पा नाराज झाले, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आकडा सोडा, पावलं सांगा." पावलं चारशे बारा झाली होती. फुगा घालायचा विचार त्यांनी पुढे ढकलला. मी दवाखान्याच्या जिन्यात आनंदाने दोन पायऱ्या एकदम उतरलो आणि अप्पांनी मागून दटावलं.

चारशे बारा पावलं झाल्याने एक नवीच पंचाईत झाली. अप्पा आता किराणा दुकानावरून न थांबता पुढे जायला लागले. चौथ्या दिवशी किराणावाला घरी आला, हातात टोपी घेऊन.

"साहेबांना काही राग आलाय का? हल्ली आमच्यापुढे थांबत नाहीत. गिऱ्हाईक विचारतं, तुमच्या काट्यात काही खोट निघाली का म्हणून. तुम्ही सोनारापुढे थांबता हे बायका बघून येतात आणि मला बोलतात."

"मुलाला बरं वाटतंय आता," अप्पा शांतपणे म्हणाले. "म्हणून थांबत नाही."

"एक मिनिट तरी थांबा, साहेब. येताना नाही तर जाताना."

अप्पांनी विचार करतो म्हणून सांगितलं. तक्रार करणाऱ्यांनीच घरी येऊन विनंती करावी, हा मान त्यांना नोकरीतही मिळाला नव्हता.

त्यानंतरची एक सकाळ. आम्ही पोस्टाजवळच्या चढावर होतो. आता मी तीन पावलं मागे नसतो, शेजारी असतो, कारण जगाच्या दृष्टीने आजारी मी आहे. अप्पा एका लयीत चढत होते. अर्ध्या चढावर मला धाप लागली. छातीत दुखलं नाही, नुसता श्वास पुरेना. पंचाहत्तर वर्षांचा बाप पुढे चाललाय आणि आपण मधेच थांबायचं, याची मला एवढी लाज वाटली की मी दात दाबून आणखी दहा पावलं टाकली. शेजारून अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "थांब."

मी थांबलो, रस्त्याच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून.

"असं नाही. असं उभं राहिलं की लोक बघतात." त्यांनी माझं कोपर धरून मला हार्डवेअरच्या दुकानाच्या काचेकडे वळवलं. "हात मागे बांध. एखादी वस्तू धर नजरेत. ती बिजागरी घे. तिची भोकं मोज. तोंड मिटून श्वास घे. घाई करायची नाही. आपण थांबलेलो नाही, आपण बघतोय."

मी हात मागे बांधले. बिजागरीला सहा भोकं होती. अप्पाही माझ्या शेजारी हात मागे बांधून उभे राहिले. काचेत आम्ही दोघं दिसत होतो, दोघांच्याही भुवया जवळ आलेल्या. मी चौथ्यांदा भोकं मोजत होतो तेव्हा ते काचेकडेच बघत बोलले.

"त्या दिवशी वर, त्या खोलीत. फार दुखत होतं रे."

इतक्या महिन्यांत ते हे पहिल्यांदा म्हणाले होते. माझ्या तोंडून आमच्या घरातला एकच प्रश्न निघाला.

"किती?"

अप्पांनी बिजागरीच्या भोकांवरून एकदा नजर फिरवली.

"ते मोजलं नाही," ते म्हणाले.

आत हार्डवेअरवाल्याने आमच्याकडे पाहिलं, आणि खिळ्यांच्या तराजूवरचा अंगठा हळूच काढून घेतला.